बेंबी बसवणारी उषाबाई

माझ्या जावेचं, उषाबाईचं नाव तुम्ही ऐकलं न्हाई म्हणता? मंग एक तर तुम्ही वाटूरच्या बाजूचे न्हाईत, न्हाई तर तुमचं पोट जन्मात कधी दुखलेलं न्हाई. फाट्यावर उतरा अन् कुणालाबी विचारा, बेंबी बसवणारी उषाबाई कुठं राहती म्हणून. शेंबडं पोरगंसुद्धा घर दाखवील. आता दाखवताना तोंड वाकडं करील, ती गोष्ट निराळी. तेच सांगून राह्यले.

मी मीना. बद्रीनाथ अन् भारत हे दोघं सख्खे भाऊ. थोरल्याची उषाबाई, धाकट्याची मी. दोन घरांच्या मधी एक भिंत अन् एक मोरी. त्या मोरीच्या पाण्यावरून आमची इतकी भांडणं झाली की गावानं मिटवायचं सोडून दिलं. ती फटकळ, मी तिच्याहून फटकळ. पण खोटं कशाला बोलू, बाई कामाला लई चांगली अन् मनानं साफ. पोटात एक, ओठात एक असलं तिला जमायचंच न्हाई.

ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या सासूनं तिचे पंजे उलटेपालटे करून बघितले. रुंद हात, गरम तळवे. सासू म्हणली, "हा हात नुसत्या भाकरी थापायला न्हाई." अन् बेंबी बसवायची विद्या तिला दिली. मला न्हाई दिली. तुझे हात गार म्हणे. लई वर्षं माझ्या मनात त्याचा राग होता. आता वाटतं, गार हात दिले ते देवानं बरं केलं.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. हंडा उचलताना कंबर लचकली, पाय घसरला, जड ओझं डोक्यावर घेतलं, की बेंबी जागची सरकते अन् पोट दुखायला लागतं, असं आमच्याकडं समदे मानतात. मंग बाईनं उपाशीपोटी सतरंजीवर उताणं निजायचं. उषाबाई करडीचं तेल हाताला लावणार, बेंबीपाशी अंगठा दाबून ठोका हुडकणार, बाजूला लागला की दोन्ही हातांनी पोट चोळत चोळत त्याला मधी आणणार. आला की एकदम म्हणणार, "बसली!" अन् बाईच्या पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधणार. बाई उठून चहा पिणार अन् चालत घरी जाणार. कुणाकडून काही घ्यायचं न्हाई, नारळसुद्धा न्हाई. परतूरच्या यायच्या, अंबडकडच्या यायच्या, एक मास्तरीण तर जीप करून आल्ती. माझीबी दोनदा बसवली तिनं, अन् मला बरं वाटलं. का वाटलं ते मला इचारू नका.

नियम मात्र कडक. अवसेला हात लावायचा न्हाई, पोटुशीला हात लावायचा न्हाई, अन् बाहेर बसलेल्या बाईला तर बिलकुल न्हाई. पाळीचे दिवस सरू दे, डोक्यावरून पाणी घे, मंग ये. "सासूबाईंनी घालून दिलंय," म्हणायची. "मोडलं की हाताचा गुण जातो."

तिची सून शीतल. पोरगा मिथुन फाट्यावर विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या दुकानात कामाला. शीतल वडीगोद्रीकडची, बारीक अंगाची, पण बोलायला लागली की थांबायची न्हाई. सासू-सुनेचं इतकं जमायचं की मला जळफळाट व्हायचा. एकीनं पीठ मळावं, दुसरीनं थापावं, अन् दोघींनी मिळून माझ्या नावानं खिदळावं. छकुली झाली तेव्हा बाळंतपणातच सिस्टरनं शीतलला तांबी बसवली. विचारून बसवली, उगंच कुणावर आळ घेत न्हाई. दुसरं लेकरू एवढ्यात नको, असं तिचंच म्हणणं होतं. सिस्टर म्हणली, "आता बिनघोर राहा." शीतल बिनघोर राह्यली. आम्ही सगळेच राह्यलो. तांबी बसवली म्हणजे दाराला कुलूप लागलं, आता आत कोण येणार, अशीच आमची समजूत.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत शीतलची पाळी पुढं गेली. सकाळी उठली की तोंडाला पाणी सुटायचं. मोरीवर भांडी घासता घासता मला म्हणली, "काकू, मला दिवस गेल्यासारखं वाटून राह्यलं."

"मंग मेडिकलमधून ती लघवीची पट्टी आण अन् बघ ना. त्यात काय एवढं?" मी म्हणलं.

तिनं मिथुनला सांगितलं. मिथुन कसला भडकला! मेडिकलवर बसतो पप्पू, याच्या बरोबरचा. "त्याला पट्टी मागू? संध्याकाळपर्यंत समद्या फाट्यावर बोंब होईल. अन् तांबी असताना कुणाला दिवस जातात का? येडी हायेस का तू?" उषाबाई चुलीपुढून म्हणली, "बराबर बोलतोय तो. खाल्लेलं बाधलं असंल. ओवा खा." मी म्हणलं मीच आणते, माझं काय जातंय. तर शीतलनं माझा हात धरला. "नका काकू, त्यांना कळलं तर घरात तमाशा होईल."

अन् मंग तिला रक्त गेलं. थोडंसं, काळपट. अख्ख्या घराचा जीव भांड्यात पडला. "आली बघ!" उषाबाई म्हणली. "उगं समद्यांचा जीव खाल्ला." शीतल पडवीच्या कोपऱ्यात बाहेर बसली. वेगळी सतरंजी, वेगळा तांब्या, ताट दुरून सरकवायचं. आता दिवस गेल्याचा विषय कोण काढणार? पाळीच आली म्हणल्यावर विषय संपला.

पण दुखणं संपलं न्हाई. त्याच कोपऱ्यात तिचं पोट दुखायला लागलं. समदं पोट न्हाई, एकाच बाजूला, खाली, जांघेच्या वर. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. मिथुननं गाडीवर बसवून फाट्यावरच्या डॉक्टरकडं नेली. त्या माणसानं पोटाला बोट लावलं न्हाई. पाळी? चालू हाय. तांबी? हाय. "मंग काय न्हाई, पाळीचं दुखणं अन् वर अपचन." एक सुई टोचली, गोळ्यांची पुडी दिली, पुढचा पेशंट बोलावला. शिकलेला माणूस अन् आम्ही अडाणी, अक्कल दोघांची एकच निघाली.

सुईनं तेवढ्यापुरतं बरं वाटलं. रात सरली की दुखणं परत हजर. शीतल पडवीतून सासूला म्हणायची, "आत्या, तुम्हीच बघा ना एकदा. बेंबीच सरकली असंल. कापसाचं गाठोडं उचलल्तं मी."

"बघते ग बाई. पण आधी न्हाणं होऊ दे तुझं."

"आजच बघा ना."

"उद्या थांबलं की बघते. नियम माझा न्हाई, सासूबाईंचा हाय."

अन् ते थांबेचना. चार दिवस उलटले, थेंब थेंब चालूच. उषाबाईचा जीव होत होता वरखाली. जेवण जाईना तिला. उंबऱ्यावर बसायची, हात मांडीखाली दाबून, अन् सुनेकडं बघत राहायची. गावातल्या कोणाकोणाच्या पोटावरून हात फिरवलेली बाई, अन् स्वतःच्या सुनेला दुरून गरम विटकर सरकवत होती. मी म्हणलं, "बाई, जालन्याला न्या तिला." तर म्हणली, "पाळी चालू असताना कुठं नेऊ? डॉक्टरनं बघितलंय की. एकदा न्हाली की माझा हात लागला अन् ती उठली, बघ तू."

एक दिवस सकाळी शीतल आपणहून उठली. डोक्यावरून पाणी घेतलं, साडी बदलली, ओल्या केसांनी घरात आली अन् म्हणली, "आत्या, थांबलं. आता बघा."

उषाबाईला काय आनंद झाला! मला भिंतीवरून हाक मारली, "मीना, ये ग, पोरीचे पाय धर जरा." सतरंजी टाकली, तेल कोमट केलं. ठोका हुडकला. "हे बघ, केवढी सरकलीय! उगं दुखत होतं का?" अन् चोळायला लागली. शीतलनं ओठ आवळले. पाय इतके ताठ केले की मला धरवेनात.

"आत्या, हळू. लई दुखतंय."

"दुखणारच. जागेवर येऊन राह्यली ना. दम धर जरासा."

"आत्या, नको, थांबा, थांबा."

"झालंच, झालंच ग माझ्या बाई."

एकदम शीतल किंचाळली. अन् मंग तिचं अंग सैल पडलं. डोळे उघडून छताकडं बघत राह्यली, दोन-तीनदा श्वास घेतला अन् हसली. "गेलं," म्हणली. "आत्या, दुखायचं गेलं."

"बसली!" उषाबाईनं असा हात उंच केला, जशी कुस्तीच जिंकली. डोळ्याला पदर लावला. अंगठ्याला दोरा बांधला. मीच चहा ठेवला. शीतलनं चहा घेतला, अर्धी भाकर खाल्ली. किती दिवसांनी तिच्या पोटात अन्न गेलं. छकुलीला मांडीवर घेतलं. आम्ही तिघी हसत बसलो, माझ्या गार हातांवरून माझी थट्टाबी झाली.

थोड्या वेळानं शीतल म्हणली, खांदा दुखून राह्यला. वेचणीनं भरून आला असंल, आम्ही म्हणलं. मंग म्हणली, गरगरतंय. किती दिवसांची उपाशी, गरगरणारच. दुपारी छकुलीला घ्यायला म्हणून उठली अन् दारातच खाली कोसळली. जाऊन बघते तर ओठ पांढरेफट. हात लावला तर माझ्या हातापेक्षा गार.

मिथुनला फोन केला, तो जीप घेऊन आला. छकुली आजीच्या गळ्याला मिठी मारून आक्रोश करून राह्यली होती, म्हणून उषाबाई घरी थांबली अन् मी गेले. वाटेत शीतल माझ्या मांडीवर होती. एकदा म्हणली, "काकू, ह्यांना जल्दी चालवायला सांगा." दुसरं काही बोलली न्हाई. जालन्याच्या दवाखान्यात बाईडॉक्टर धावत आली. पोटावर यंत्र फिरवलं अन् ओरडली, पोट रक्तानं भरलंय म्हणून. रक्ताच्या पिशव्या आणायला माणसं पळवली. आत नेली. बाहेर आणली ती तोंडावरून चादर ओढूनच.

मिथुन भिंतीला डोकं टेकून बसला. मी त्या डॉक्टरणीची वाट अडवली. सांगितल्याशिवाय सोडत न्हाई म्हणलं. तिनं सांगितलं. दिवसच गेल्ते शीतलला. पण गर्भ पिशवीत न्हाई, बाजूच्या नळीत राह्यल्ता. नळी ती केवढी, वाढता वाढता फुटली.

"पण तांबी होती ना बाई तिला!"

"होती म्हणूनच आधी तपासायचं होतं," ती म्हणली. "तांबी वाईट न्हाई. ती असली की दिवस जाणंच मुळात कमी, अन् नळीतला गर्भबी एरवीपेक्षा कमीच. पण तांबी असून चुकून दिवस गेलेच, तर ते नळीत असायची धास्ती मोठी. पाळी चुकली, मंग भलतंच थोडं थोडं रक्त गेलं अन् एका बाजूला दुखलं, तर ती पाळी समजायचीच न्हाई. एका पट्टीनं अन् सोनोग्राफीनं कळलं असतं. वाचली असती."

 मंग तिनंच विचारलं, "पोटावर तेल कसलं होतं? कुणी चोळलं?"

मी सांगितलं. चोळल्यावर दुखणं थांबल्तं, हसली, जेवली, हेबी सांगितलं. डॉक्टरणीनं समदं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "फुटल्यावर थोडा वेळ दुखायचं थांबतं. आज न्हाई तर उद्या फुटणारच होतं ते. पण चोळायला नको होतं."

नर्सनं शीतलचे कपडे बोचक्यात बांधून दिले. आतला कपडा भिजलेला होता. रक्त थांबलंच नव्हतं. पोरगी खोटं बोलून न्हाली होती, सासूचा हात लागावा म्हणून. मी ते बोचकं छातीशी धरलं अन् तिथंच भोकाड पसरलं.

गावात आल्यावर काय झालं, ऐका. दहाव्याच्या आधीच समद्यांचा निकाल लागला. तांबीनं मारलं. तांबी वर चढली, काळजाला भिडली. कुणी म्हणे तांब्याचं विष झालं. बाया रांगा लावून तांब्या काढून यायला लागल्या. अन् उषाबाईला कुणी बोल लावला का? उलट! "काय हात हाय बाईचा! मरता मरताबी पोरीला आराम पाडला. त्या मेल्या तांबीनं घात केला, न्हाई तर उषाबाईनं वाचवल्तीच." लोक सांत्वनाला यायचे अन् कौतुक करून जायचे. मिथुनबी तेच म्हणायचा. भाऊजीबी तेच. मला ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सुतकाच्या घरात काय बोलणार?

सुतक फिटलं अन् उषाबाईनंच मला मोरीवर गाठलं. "मीना, डॉक्टर काय म्हणली? खरं सांग. तुला खोटं बोलता येत न्हाई, तू माझ्याकडं बघना झालीस."

मी सांगितलं. एकेक शब्द सांगितला. कपड्याचंबी सांगितलं.  ती आपल्या हातांकडं बघत म्हणली, "माझ्या बोटाला कळल्तं ग. आत काहीतरी निसटल्यासारखं झालं. मला वाटलं बसली."

मी तिला मिठी मारली. आमच्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं मारली न्हाई. हात नुसते खाली लोंबत होते.

त्या दिवसापासून तिनं चोळणं बंद केलं. बाया यायच्या, ती म्हणायची दवाखान्यात जा. बाया रुसायच्या. सून गेल्यापासून मन लागत न्हाई बिचारीचं, असं म्हणून परत जायच्या. मंग एक दिवस आली आमच्या गल्लीतली वंदना. दोन्ही हातांनी पोट धरून. सोबत तिची सासू अन् आणखी दोघी-तिघी. उषाबाई म्हणली, "जालन्याला जा." वंदना कसली ऐकते! सरळ पडवीत आडवी झाली, पोटावरचा पदर बाजूला केला अन् म्हणली, "अशा काय करता उषाबाई? शीतलला कसा आराम पाडल्ता, तसा मलाबी पाडा की."

मी पुढं होणार, तोवर उषाबाई बोलली. हळूच बोलली, पण समद्यांना ऐकू गेलं. "तिला आराम पडला नव्हता. ती माझ्या हाताखाली फुटली. पोटातला गर्भ नळीत होता अन् मी चोळून फोडला. ऊठ, वंदना. डॉक्टरकडं जा, अन् तांबी असली न् पाळी चुकली तर आधी पट्टी लाव. चोळू नको कुणाकडून."

वंदना ताडकन उठून बसली. पदर घेतला. तिच्या सासूनं तिचा दंड धरला अन् अशी ओढत नेली, जसं घराला आग लागलीय. बाकीच्या जाताना मागं वळून बघत होत्या. वंदनाला, खरं सांगते, नुसता गॅस झाल्ता.

अन् आता? आता गाव म्हणतं, सुनेला मारणारी. जी मास्तरीण जीप करून आल्ती तीच म्हणते, मला आधीच शंका होती. हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत. विहिरीवर ती आली की बाया हंडे उचलतात. ज्यानं पोटाला बोट न लावता सुई टोचली, त्या डॉक्टरकडं बसायला जागा न्हाई एवढी गर्दी. बिनघोर राहा एवढंच सांगून मोकळी झालेली सिस्टर बदलून गेली, तिला तर ठाऊकबी नसंल. खरं बोलली ती एकटी उषाबाई, अन् धोपटायला सापडली तीच. ह्या गावाची अन् माझी आता बोलायची सोय राह्यली न्हाई. भांडून भांडून माझा घसा बसला.

वंदना परत गेली त्याच संध्याकाळी मिथुनला दुकानावर कुणीतरी सांगितलं. तो आला तेव्हा उषाबाई छकुलीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत होती. त्यानं पोरीला बकोटीला धरून उचललं. "माझ्या लेकीला हात लावू नको," म्हणला. "पुन्हा हात लावायचा न्हाई तिला."

"अन् तू रे?" मी भिंतीवरून ओरडले. "पट्टी आणायची लाज कुणाला वाटली? पप्पू हसंल म्हणून कोण बसलं घरात?"

त्याचं तोंड पडलं. पण पोरगी त्यानं खाली ठेवली न्हाई. मी आणखी बोलणार होते, लई बोलणार होते. उषाबाईनं मला हातानं गप्प केलं.  उठली, भिंतीपाशी आली अन् फणी माझ्या हातात दिली.

"मीना, उद्यापासून तिची वेणी तू घाल," म्हणली. "तुझे हात गार असले तरी चालतील."

रोज सकाळी छकुली माझ्या ओट्यावर येऊन बसते. मी वेणी घालते. उषाबाई पलीकडं तिच्या दारात बसून बघत असते, अन् भांग वाकडा गेला की तिथूनच सांगते.